परतीचा मधला काळ

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की सारे घर तयारीला लागते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात, सामानाचे वजन पुनःपुन्हा केले जाते, ‘तिकडे थंडी फार, तब्येत सांभाळ’ असे चार वडीलधारे सांगून जातात. तेथील भाषा, हवामान, नोकरीतील रीतिरिवाज यांची माहिती आधीच गोळा केलेली असते. आपण परक्या मुलुखात चाललो आहोत, तेथे अडचणी येणारच, हे जाणाऱ्याने आणि पाठवणाऱ्याने मनोमन स्वीकारलेले असते. दहा-बारा वर्षांनी तीच व्यक्ती परत यायला निघते, तेव्हा मात्र अशी कोणतीही तयारी होत नाही. आपल्याच घरी, आपल्याच माणसांत येणाऱ्याला तयारी ती कसली, असे उभयपक्षी गृहीत धरले जाते. पुढे अनेक घरांत जे दुःख निर्माण होते, त्याचे मूळ बहुधा याच गृहीतकात असते.

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत परदेशातून परतलेले कुटुंब ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणी आई-वडिलांच्या उतारवयासाठी परततो, कोणी मुलांवर येथील संस्कार व्हावेत म्हणून, कोणी येथेच चांगली संधी मिळाली म्हणून. काहींना इच्छा नसताना परतावे लागते. २००८च्या मंदीत असे अनेक जण परतले. २०२०च्या महासाथीत मे महिन्यापासून ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानांनी आलेल्यांत नोकरी गमावलेले लोकही होते. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क घोषित केल्यानंतर कित्येक तरुणांच्या मनात परतीचा विचार नव्याने सुरू झाला. कारण कोणतेही असो, विमानतळावरून घरी आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न ऐकावा लागतो – ‘परत का आलात?’ विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल असते, तसा थोडा संशयही असतो. तेथे जमले नसेल, काढून टाकले असेल, काहीतरी बिनसले असेल. स्वतःच्या घरी येण्याचे समर्थन करावे लागणे हा परतणाऱ्याला बसणारा पहिला धक्का होय.

घरी परतणे ही एका दिवसाची घटना नव्हे, तो एक काळ असतो. विमान एका रात्रीत उतरते. माणसाला उतरायला वर्ष-दोन वर्षे लागतात. या मधल्या काळात परतणाऱ्याने शिकायचे असते, तसे घरानेही शिकायचे असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा मधला काळ आहे.

मन दोनदा अडखळते

परक्या देशात गेलेल्या माणसाच्या मनाचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५मध्ये अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तिधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी उत्साह, मग काही महिने खिन्नता आणि त्यानंतर हळूहळू स्थिरता, असा मनाचा आलेख त्यांनी मांडला. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा हा आलेख पुढे प्रसिद्ध झाला. जॉन आणि जीन गलाहॉर्न या दांपत्याने १९६३मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. मायदेशी परतल्यावर हाच उतार-चढाव पुन्हा एकदा होतो, म्हणजे ‘यू’ला आणखी एक ‘यू’ जोडला जाऊन ‘डब्ल्यू’ तयार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरा उतार अधिक एकाकी असतो. परदेशात खिन्न झालेल्या माणसाला निदान आपण का खिन्न आहोत हे ठाऊक असते आणि त्याला धीर देणारेही असतात. घरी परतून खिन्न झालेला माणूस ते बोलूनही दाखवू शकत नाही. ‘आता काय कमी आहे?’ असे विचारले, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. आई समोर आहे, भाषा आपली आहे, सण आपले आहेत, आणि तरीही सायंकाळी कशात मन लागत नाही. अशा वेळी तो स्वतःलाच दोष देऊ लागतो, नाहीतर गावाला.

ऑस्ट्रियातून अमेरिकेत स्थायिक झालेले विचारवंत आल्फ्रेड शूट्झ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५मध्ये, घरी परतणाऱ्या माणसाविषयी एक निबंध लिहिला. युद्धावरून परतणारे सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. परक्या गावी जाणाऱ्याला सारे अपरिचित असणार याची कल्पना असते. घरी परतणारा मात्र सारे परिचित असेल अशा अपेक्षेने येतो आणि म्हणूनच अधिक गोंधळतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्याच्या गैरहजेरीत घर पुढे गेलेले असते आणि तोही बदललेला असतो. दोघांनी मात्र एकमेकांचे जुने चित्र जपून ठेवलेले असते.

घर तेच, काळ वेगळा

२००५च्या सुमारास गेलेला पुण्याचा एखादा अभियंता आज परत येतो, तेव्हा काय पाहतो? भाजीवालीच्या पाटीवर यूपीआयचा चौकोन चिकटवलेला असतो; ही व्यवस्था २०१६मध्ये सुरू झाली, म्हणजे तो गेल्यानंतर. मार्च २०२२पासून शहरात मेट्रो धावते आहे. जेथे मोकळी माळराने होती तेथे इमारती उभ्या आहेत आणि ज्या टेकडीवर तो मित्रांसोबत फिरायला जाई, तिच्या पायथ्यापर्यंत वाहनांची रांग आहे. ‘आपल्याकडे काही बदलायचे नाही’ असे म्हणत तो गेला होता. आता बदललेल्या गोष्टींत आपल्याला कोणी सामील करून घेतले नाही, अशी चुटपुट त्याला लागते.

दुसरीकडे, न बदललेल्या गोष्टीही त्याला बोचतात. दहाची बैठक साडेदहाला सुरू होते. रांगेत मागचा माणूस खांद्यावरून हात पुढे करतो. सिग्नल हिरवा होण्याआधीच भोंगे वाजू लागतात. हे सारे त्याने पूर्वीही पाहिलेले असते, पण तेव्हा ते जाणवत नव्हते. आता ते जाणवते आणि तो बोलून दाखवतो. बोलताना वाक्याचा आरंभ होतो ‘तिकडे’ या शब्दाने. ‘तिकडे असे नसते.’ पहिल्या आठवड्यात हे ऐकून घेतले जाते, दुसऱ्या महिन्यात मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात आणि सहाव्या महिन्यात त्याचे खरोखरच उपयुक्त असे म्हणणेही कोणी ऐकत नाही.

या ‘तिकडे’मागे नेहमी अहंकार असतो, असे मानणे अन्यायाचे आहे. ज्या मुलुखात आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली, जेथे पहिले मूल जन्मले, तो मुलूख मागे सोडल्याचे दुःखही त्या शब्दात असते. माणसाला दोन ठिकाणे प्रिय असू शकतात. माहेरची आठवण काढणाऱ्या सुनेला सासरचा द्वेष असतो, असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. तोच न्याय परतलेल्याला लावला पाहिजे. मात्र परतलेल्यानेही हे ओळखले पाहिजे, की तुलनेने घर सुधारत नाही. पुण्यात २००८पासून कचरावेचक भगिनींची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करते आहे. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची परदेशी शिस्त ज्याला आठवते, त्याने तुलना करत बसण्यापेक्षा आपल्या इमारतीत दोन डबे ठेवून आरंभ करावा. येथे काम करणारे हात आधीपासून आहेत.

प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

परतणाऱ्याला सामावून घेण्याचा प्रश्न आपल्या समाजापुढे नवा नाही. एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणे हे पातक मानले जाई आणि परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. १८८८मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा मुंबईतील ज्ञातिबांधवांनी त्यांना जातीबाहेर टाकले. १८९१मध्ये ते परतले. आई वारल्याची बातमी घरच्यांनी त्यांना कळवली नव्हती. ती मुंबईत उतरल्यावर कळली. थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि पुढे राजकोटला जातिभोजन दिले. जातीतील एका गटाने त्यांना स्वीकारले, दुसऱ्याने नाही. हा सारा वृत्तांत त्यांनी स्वतःच आत्मकथेत दिला आहे.

त्याच आत्मकथेत दुसरी बाजूही आहे. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टराच्या घरात चहा-कॉफीच्या जोडीला ओटची लापशी आणि कोको आला, पोशाख युरोपीय झाला, खर्च वाढला. उत्पन्न मात्र नव्हते. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, एप्रिल १८९३मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. त्यांचे पहिले परतणे सफल झाले नाही, असेच म्हणावे लागते. घराने नदीस्नानाचा विधी उरकला. बॅरिस्टराने वेश आणि न्याहारी बदलली. दोन्ही बदल वरवरचे होते.

प्रायश्चित्ताची प्रथा गेली, ते उचितच झाले. तिच्यामागचा आग्रह मात्र अनेक घरांत नव्या वेशात टिकून आहे. ‘आता इथे आलात ना, मग इथल्यासारखे राहा’ हे वाक्य म्हणजे आजचे प्रायश्चित्तच आहे. त्यात बदल केवळ येणाऱ्याने करायचा असतो. त्याने काय शिकून आणले, कोणती चांगली सवय अंगी बाणवली, याची विचारपूस होत नाही.

एक वर्षाचा संयम

याच गांधीजींचे दुसरे परतणे सर्वांना ठाऊक आहे. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईच्या बंदरावर उतरले, ते काठेवाडी पोशाखात. हाच दिवस २००३पासून ‘प्रवासी भारतीय दिवस’ म्हणून पाळला जातो. दक्षिण आफ्रिकेतील दोन दशकांच्या संघर्षामुळे त्यांचे नाव देशभर झाले होते. अशा वेळी व्यासपीठ गाठणे सोपे होते. परंतु नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले – एक वर्ष देश पाहायचा, ऐकायचा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचे नाही. त्यानंतर सव्वा महिन्यातच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांचे निधन झाले. वचन घेणारा राहिला नाही, तरी ते पाळले गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देशभर प्रवास झाला. त्यानंतर फेब्रुवारी १९१६मध्ये काशीच्या हिंदू विद्यापीठाच्या समारंभात झालेले त्यांचे भाषण गाजले.

गोखल्यांचा हा सल्ला प्रत्येक परतणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. वीस वर्षे ज्यांनी परदेशात लोकांसाठी काम केले, त्यांनाही आपला देश नव्याने पाहण्याची गरज होती, तर इतरांची काय कथा? पहिले वर्ष निर्णयाचे नसावे, निरीक्षणाचे असावे. घर विकणे-घेणे, मुलांची शाळा वारंवार बदलणे, धंद्यात सारी पुंजी घालणे, ‘जमत नाही, परत जाऊ’ असे ठरवणे – हे सारे शक्य तितके पुढे ढकलावे. दुसरा उतार ओसरण्यापूर्वी घेतलेला निर्णय बहुधा खिन्नतेचा निर्णय असतो.

स्वामी विवेकानंदांच्या परतण्यातूनही एक बोध घेता येतो. १८९३मध्ये पश्चिमेकडे गेलेले स्वामीजी १५ जानेवारी १८९७ रोजी कोलंबोला उतरले. रामनादपासून मद्रासपर्यंत त्यांचे भव्य स्वागत झाले, तसे समुद्र ओलांडल्याबद्दल सनातन्यांचे टोमणेही त्यांना ऐकावे लागले. ते ना सत्कारात अडकले, ना टीकेत. चार महिन्यांच्या आत, १ मे १८९७ रोजी, त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. पश्चिमेकडील संघटितपणे काम करण्याची शक्ती त्यांनी पाहिली होती. ती येथील सेवेच्या कामी लावली. बाहेर जे चांगले पाहिले त्याला येथे काम मिळवून देणे, हा ‘तिकडे असे नसते’ या तक्रारीवरचा उत्तम उपाय आहे.

भरताची बाजू

आता मागे राहिलेल्यांकडे वळू. प्रत्येक परतणाऱ्याच्या घरी बहुधा एक भाऊ किंवा बहीण अशी असते, जी कोठेही गेली नाही. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वडिलांच्या औषधांच्या वेळा, इमारतीच्या पुनर्विकासाच्या बैठका, गावच्या जमिनीचा सातबारा, हे सारे तिने किंवा त्याने पाहिलेले असते. परदेशातील भाऊ दर शनिवारी फोनवर दिसे, वर्षा-दोन वर्षांनी भेटवस्तू घेऊन येई आणि सर्वांचा लाडका होई. आता तो कायमचा आला. आल्याबरोबर त्याने आईचे डॉक्टर बदलावे, घरात दुरुस्ती काढावी, ‘इतकी वर्षे हे असे कसे चालू ठेवले?’ असे विचारावे, तर मागे राहिलेल्याच्या मनाला काय वाटत असेल?

वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडात या प्रश्नाचे मोठे सूक्ष्म उत्तर आहे. चौदा वर्षांचा वनवास पूर्ण करून प्रभू रामचंद्र भरद्वाजांच्या आश्रमात येऊन थांबतात. अयोध्या समोर आहे, राज्य त्यांचे आहे. तरी ते थेट निघत नाहीत. ते हनुमंताला पुढे पाठवतात आणि सांगतात, की आपल्या येण्याची वार्ता भरताला दे आणि त्याच्या चर्येवरून त्याचे मन जाणून घे. इतकी वर्षे राज्य सांभाळल्यावर ते चालवावे असे त्याला वाटत असेल, तर त्यानेच ते खुशाल चालवावे. भरतावर त्यांचा अविश्वास होता, असा याचा अर्थ नाही. ज्याने चौदा वर्षे भार वाहिला, त्याचा विचार आधी घेतला पाहिजे, ही ती दृष्टी आहे. आणि भरत? नंदिग्रामी पादुका पुढे ठेवून राहिलेला भरत राज्य परत करताना हिशेबही देतो – कोश, कोठारे, सैन्य सारे दसपट झाले आहे, ते पाहून घ्या. येणारा हक्क सांगत नाही, मागे राहिलेला उपकार सांगत नाही.

परतणाऱ्याने पहिल्या महिन्यात भावंडांजवळ बसून विचारावे, की इतकी वर्षे काय काय केले आणि त्यातले कोणते ओझे आता आपण उचलू. आणि मागे राहिलेल्यांनीही घराचा कारभार उघडपणे समोर ठेवावा. बोललेले शब्द कडू असले तरी पचतात. न बोललेले वर्षानुवर्षे साचून राहतात.

सुनेचे परतणे

एकाच घरात परतणारी दोन माणसे एकाच घरी परतत नाहीत. मुलगा आईकडे येतो, सून सासरी येते. परदेशात दोघे मिळून संसार करत होते. ती गाडी चालवत होती, बँकेचे व्यवहार पाहत होती, मुलांच्या शाळेत एकटी जाऊन बोलत होती. तो भांडी घासत होता, मुलांचे डबे भरत होता. येथे आल्यावर काही आठवड्यांतच तो आईचा लाडका लेक होतो आणि ती ‘सूनबाई’ होते. त्याने कपबशी उचलून ठेवली तरी ‘तू कशाला करतोस?’ असा प्रेमळ आक्षेप येतो. पाहुणे न कळवता येतात आणि चहा तिनेच करायचा असतो. तिचे मन मोकळे करण्याचे स्थान तिकडच्या मैत्रिणींत राहिलेले असते.

अमेरिकेत एच-४ या आश्रित व्हिसावर राहिलेल्या अनेक स्त्रियांना नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५पासून ती काही अटींवर मिळू लागली. उच्चशिक्षित असूनही घरी बसाव्या लागलेल्या अशा स्त्रीसाठी परतणे ही पुन्हा उभे राहण्याची संधी असू शकते. सासरच्या मंडळींनी आपणहून ‘आता तू काय करणार?’ असे विचारले, तर त्या एका प्रश्नाने अर्धे परतणे सुकर होईल. आणि मुलाने तिकडे लागलेली घरकामाची सवय येथे येताच विमानतळावर सोडू नये. परदेशातून आणलेल्या भेटवस्तूंपेक्षा ती अधिक मोलाची आहे.

मुलांची भाषा, मुलांचे दुःख

आई-वडील परततात, मुले मात्र परतत नाहीत, ती प्रथमच येतात. जे त्यांच्या पालकांचे घर, ते त्यांचे सुट्टीचे गाव असते. त्यांचे घर मागे राहिले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मित्र, खेळाचे मैदान, स्वतःची खोली सोडून यावे लागले, तर त्याला दुःख होणारच. ‘किती भाग्यवान, आजी-आजोबा मिळाले’ असे म्हणून ते दडपू नये.

भाषेचा प्रश्न तर रोजचा असतो. उत्तर अमेरिकेत १९८१मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत आठवड्याला तास-दोन तास शिकलेली मुले मराठी समजू शकतात, परंतु वर्गातल्या मुलांच्या वेगाने बोलू शकत नाहीत. ‘ळ’ आणि ‘ण’ अडतात. आजोबांना ‘तू’ म्हटले जाते. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय अनिवार्य झाला आहे. मराठीच्या तासाला आपलेच आडनाव असलेले हे मूल सर्वांत मागे असते. त्या वेळी घरातील मंडळी त्याच्या उच्चारांवर हसली, तर ते मूल मराठी बोलणेच सोडून देते. येथे आजी-आजोबांचे काम सर्वांत मोठे आहे. रोज अर्धा तास गोष्ट सांगावी, पत्त्यांचा डाव मांडावा, मंडईत सोबत न्यावे, चूक झाली तर शुद्ध वाक्य आपण सहज उच्चारून पुढे जावे. शिकवणी लावून जे होत नाही, ते सहवासाने होते.

बडोद्याची ती संध्याकाळ

परतणाऱ्याला सामावून घेण्याविषयी बोलताना एक प्रसंग टाळता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे आणि लंडनमध्ये शिकून ते १९१७मध्ये परतले व करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ‘आता जायचे कोठे?’ या प्रश्नासह ती परत आली. राहायला जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे विचारणा झाली. दोघांनीही निमित्त सांगून नकार दिला. मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्या विद्वान तरुणाने सार्वजनिक बागेत बसून काढला.

जगातील नामांकित विद्यापीठाने ज्याला बरोबरीने बसवले, त्याला त्याच्या मातृभूमीने निवारा नाकारला. दारे लावणाऱ्यांत अनेक समाज होते, पण मूळ आपल्या समाजातील अस्पृश्यतेत होते, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. परदेशी गेलेले आपले तरुण परत यावेत, असे आपण नेहमी म्हणतो. परतणाऱ्याला घर मिळावे, असे घर आपण बांधले आहे काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आजही भाड्याने घर देताना आडनाव विचारून नकार देणारे मालक आहेत. तिकडे कोणी न विचारलेली जात येथे पहिल्याच महिन्यात विचारली जाते, हे परतलेल्या कित्येक कुटुंबांचे शल्य आहे. ‘तिकडे असे नसते’ या तक्रारीतील काही तक्रारी खऱ्या असतात. त्या राग न धरता ऐकून घेण्याचे धैर्य समाजापाशी हवे.

कायद्याला जे समजले

या संदर्भात आपल्या आयकर कायद्यातील एक तरतूद मोठी अर्थपूर्ण आहे. परदेशात दीर्घकाळ राहून परतलेल्या व्यक्तीसाठी त्यात एक मधला दर्जा आहे – ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही’. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता किंवा आधीच्या सात वर्षांत जो ७२९ दिवसांहून अधिक येथे राहिला नाही, त्याला हा दर्जा मिळतो. साधारणतः दोन-तीन वर्षे तो टिकतो आणि त्या अवधीत परदेशातील उत्पन्नावर येथे सहसा कर लागत नाही. अनिवासी म्हणून उघडलेली बँक खाती निवासी करून घेणे, परदेशी जन्मलेल्या मुलांची ओसीआय नोंदणी, ही कामे त्याने वेळेत उरकावीत, हे ओघाने आलेच. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याने मतदानाचा वा शेतजमीन खरेदीचा हक्क मिळत नाही, हेही आधी समजून घ्यावे.

पण या तरतुदीचे मर्म पैशापुरते नाही. माणूस येथे आला, तरी तो अद्याप पुरता येथला झालेला नाही. त्याला थोडा अवधी दिला पाहिजे, हे रुक्ष समजल्या जाणाऱ्या करकायद्याला कळले. ते आई-वडिलांना, भावंडांना, शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना कळणे अवघड नसावे. आणि ही मुदत कायमची नसते, हेही परतणाऱ्याने ध्यानी ठेवावे. दोन-तीन वर्षांनंतर कायदाही त्याला पूर्ण निवासी मानतो आणि पूर्ण जबाबदारी घ्यायला सांगतो.

समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येथे पुढाकार घ्यावा. आपल्या वस्तीत एखादे कुटुंब परदेशातून आले, की पहिल्याच महिन्यात त्याचा सत्कार करून अनुभवकथनाचे भाषण ठेवण्याची पद्धत आहे. त्याऐवजी त्या घरी जाऊन बसावे. गॅसजोडणी, शाळाप्रवेश, घरकामाला येणाऱ्या मावशी, विश्वासू डॉक्टर यांची माहिती द्यावी. त्यांच्या मुलांना संध्याकाळी मैदानावर बोलावून न्यावे. ‘परत का आलात?’ असे न विचारता ‘काही हवे-नको आहे का?’ असे विचारावे. सहा महिन्यांनी, मन थोडे स्थिरावल्यावर, त्यांना एखादे लहानसे काम सोपवावे – अभ्यासिकेतील मुलांना आठवड्यातून एक दिवस गणित शिकवणे, इमारतीच्या कचऱ्याचे नियोजन, रुग्णसाहित्य केंद्राच्या नोंदी संगणकावर आणणे. काम नेमके आणि नियमित असावे. एखाद्या गावात आपल्यावाचून अडणारे कोणी आहे, असे वाटू लागले की माणूस त्या गावचा होतो.

परतलेल्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे, की आलेला एकटेपणा हा तुमचा दोष नाही आणि तुमच्या घराचाही नाही. तो या मधल्या काळाचा आहे. तो सरतो. तोवर ऐकावे, पाहावे, घरात हात लावावा आणि जे चांगले शिकून आलात ते टाकून देऊ नये. आणि ज्यांच्या घरी कोणी परतले आहे किंवा परतणार आहे, त्यांनी त्याची खोली आवरून ठेवतानाच आपल्या मनातील त्याचे जुने चित्रही उतरवून ठेवावे. येणारा माणूस बदलून आलेला असेल. त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागेल आणि त्यासाठी वर्ष-दोन वर्षे द्यावी लागतील. ज्यांची आपण दहा-बारा वर्षे वाट पाहिली, त्यांच्यासाठी एवढा अवधी फार नाही.